साताऱ्याहून आणलेले कार्बन

आबा, मी साताऱ्याहून आणलेले कार्बन बरोबर होते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि त्या कार्बनला तेरा. म्हणजे मधली दोन वर्षं तुम्ही होता, जेवत होता, बोलत होता, आणि एवढं एक वाक्य काही तुमच्या तोंडून आलं नाही. म्हणून ते मीच लिहून काढतोय. कार्बन म्हणजे आल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या कड्यांना टेकून बसलेले दोन चौकोनी तुकडे. झिजत झिजत संपतात आणि मग बॅटरी चार्ज व्हायची थांबते. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही फौजेत वीस वर्षं गाड्याच उघडल्या. पण गेला महिनाभर मी ज्याला त्याला हेच समजावत फिरतोय, त्यामुळं तोंडाला सवय लागलीय.

तो दिवस मला असा दिसतो. तुम्ही दारात खुर्ची टाकून बसलाय. सर्व्हिस रोडच्या कडेला एक ट्रॅक्टर उभा आहे, त्याचा मालक आणि आणखी दोघंतिघं तुमच्याभोवती उभी आहेत, कारण हवालदारांनी नुसतं कान देऊन ऐकलं की इंजिनात काय बिघडलंय ते कळतं, असं अख्खं उंब्रज मानत होतं. तुमचीही त्याला ना नव्हती. आपली पांढरी गाडी बॉनेट उघडून उभी. मी सोळा वर्षांचा, साताऱ्याच्या एसटीतून उतरून घामानं भिजलेला, आणि हातात सामानाच्या दुकानातली बारकी पिशवी. तुम्ही कार्बन काढून बसवायला बघता. घरात, म्हणजे ज्या खोबणीत ते बसतात तिथं, ते लटलटा हलतात. बारके पडतात. तुम्ही ते दोन बोटांत धरून सगळ्यांना दिसतील असे वर करता.

"हे कार्बन हायत का दातकोरणी? जेवान झाल्यावर दात कोराया आणल्यास व्हय रं?"

सगळे हसले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आवं हवालदार, पोरगं साताऱ्याला गेलं आन परत आलं, ह्येच लय झालं म्हणा." त्यावर तुम्ही हसलात. तुमचं ओरडणं मी विसरून गेलो असतो, ओरडणं रोजचंच होतं. पण तुम्ही त्याच्या बाजूनं हसलात. मग तुम्ही ते कार्बन रस्त्यावर भिरकावले आणि माझ्याकडं न बघता, त्या लोकांना सांगावं तसं म्हणालात, "धावीला दोनदा बसला. दोन तुकडं आणाया सांगितलं तर त्येबी न्हाई. ह्याला हितनं फुडं कुटं धाडायचंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून "पेन्शनच्या कामाला साताऱ्याला जातो" म्हणून निघालात आणि संध्याकाळी गाडी चालू झाली. कसे कार्बन आणले, कुठून आणले, मी विचारलं नाही. मला विचारायला तोंड कुठं होतं? आणि तुम्ही म्हणाला होता तसं त्यानंतर मला कुठं धाडलं नाही. दळणाला नाही, साखर आणायला नाही. चुलतभावाला हाक मारायचा. मी दारात बसलेला असताना माझ्या डोक्यावरून त्याला हाक मारायचा. सहा महिन्यांनी मी आपला आपण गेलो. आधी हुबळीच्या ढाब्यावर, मग कारवारला मासळीच्या गाडीवर, मग पार कच्छात मिठावर. एका जागी वर्षभर कधी टिकलो नाही. लोक म्हणायचे ह्याच्या पायाला भिंगरी आहे. पायाला काही नव्हतं. कुठंही चार महिने झाले की कुणीतरी कामाला धाडायचं, "जा रं, अमुक घेऊन ये," आणि मला एकच सुचायचं. चुकीचं आणलं तर? मग मी ती वस्तू आणायला निघायचो आणि कधीकधी परतच जायचो नाही. हे कुणाला सांगितलं तर हसतील. तुम्ही तर आधी हसाल. तुम्ही गेलात तेव्हाही मी असाच एक ठिकाण सोडून दुसऱ्याकडं निघालेलो, फोन बंद. चौथ्या दिवशी घरी पोचलो. चुलतभावानं सगळं केलं होतं.

तर गाडी. तुमच्यामागं मामांनी चालवली, आणि गेल्या वर्षी त्यांनी नवी घेतल्यावर ही परत आपल्या दारात आणून लावली. मी दिवाळीपासून घरी आहे. आईचे गुडघे गेलेत, आणि तिला आठवड्यातून एकदा रहिमतपूरला मावशीकडं जायचं असतं, कारण मावशी अंथरुणावर आहे आणि दोघींना एकमेकींशिवाय कोण आहे? एसटीची पायरी आईला चढवत नाही. ती म्हणाली, "हितं हायस तवर ती गाडी तरी चालू कर. का त्येबी व्हायचं न्हाई?" हे "त्येबी" ऐकलं का तुम्ही? तुमचाच शब्द. तुम्ही गेलात तरी घरात बोलताय.

रहिमतपूरच्या रस्त्यावर, पहिल्याच खेपेला, मीटरजवळचा तो बॅटरीचा लाल दिवा लागला तो लागलाच. दहा-बारा किलोमीटर गाडी बॅटरीच्या जिवावर चालली, मग हॉर्नचा आवाज म्हातारा झाला, मग सगळंच थांबलं. आई मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसलेली. ऊसतोडीच्या एका ट्रॅक्टरनं आम्हाला ओढून परत आणलं. उंब्रजला पुलाखाली एक वायरिंगवाला बसतो, माझ्याच वयाचा आहे. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "कटआऊट गेलाय, कार्बनबी संपल्यात. लय जुनी गाडी हाय, हितं मिळायचं न्हाई. साताऱ्यातनं आण, लावून देतो." कटआऊट म्हणजे चार्जिंग जास्त होऊ न देणारा तो बारका डबा, पण तो ह्या गोष्टीत महत्त्वाचा नाही. महत्त्वाचं हे की तेरा वर्षांनी मला परत त्याच साताऱ्याला, तेच दोन तुकडे आणायला जायचं होतं. तरी गेलो. दुकानात गाडीचं नाव सांगितलं, साल सांगितलं, दोनदा सांगितलं. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "नमुना आणलाय?" मी म्हणालो नाही. त्यानं खांदे उडवले आणि पुडी दिली. पुडीवर गाडीचं नाव छापलेलं होतं. आता चुकायचं काही कारण नव्हतं. उंब्रजला आलो, वायरिंगवाल्यानं कार्बन घरात टाकले, आणि ते लटलटा हलले.

"चुकीचं आणलंस गड्या," तो म्हणाला. साधेपणानं म्हणाला, हसला पण नाही. आणि मी तिथून उठून चालायला लागलो. सरळ हायवेला. लोणंदला कांद्याला निघालेला एक ट्रक थांबला, त्यात बसलो. लोणंदच्या बाजारात दोन दिवस कांद्याच्या ढिगावर झोपलो, हमालांच्या एका टोळीबरोबर गोण्या शिवल्या, तिथून पुढं एक गाडी इंदूरला चालली होती आणि क्लीनर म्हणत होता, "चल की." मी गाडीत चढलो होतो, आबा. खरं सांगतो. मग आईचा फोन आला. म्हणाली, "गाडीचं ऱ्हाऊ दे. तू जेवलास का?" मला तिचा एवढा राग आला की मी खाली उतरलो.

परत आलो आणि वायरिंगवाल्याला म्हणालो, आल्टरनेटरच सोडव, अख्खा. पोत्यात घातला आणि साताऱ्याच्या एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर आला, "पोत्यात काय हाय?" म्हणालो, आल्टरनेटर. "जिवंत हाय का?" मी म्हणालो, मेलाय. "मग ऱ्हाऊ दे. मयताला तिकीट न्हाई आमच्यात." पुढच्या सीटवरची म्हातारी लांब सरकून बसली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

दुकानातल्या त्या माणसानं पोत्यातून काढलेली वस्तू काउंटरवर फिरवून फिरवून बघितली, चष्मा डोक्यावर सरकवला आणि म्हणाला, "ह्यो तुमच्या गाडीचा न्हवंच. ह्यो मालवाहू टेम्पोचा डायनामो हाय. ह्येला कान घासून, बुश टाकून तुमच्या गाडीत बसवलाय. पुली तेवढी तुमच्या गाडीची हाय. कुणीतरी डोकं लावलंय बघा." डायनामो म्हणजे आल्टरनेटरच, कान म्हणजे तो बोल्टनं अडकवायच्या बाहेरच्या कड्या, आणि बुश म्हणजे फट भरायला मधे बसवलेली नळी. मी विचारलं, मग तुम्ही दिलेले कार्बन? "त्ये तुमच्या गाडीचं बरोबरच हुतं. पर तुमची गाडीच बरोबर न्हाई, त्येला मी काय करू? आवं म्हणून नमुना घेऊन याचं असतं. जुनी गाडी म्हणलं की आत कुणी काय बसवलंय, देवाला ठाऊक."

मग त्यानं मला अंगठ्यानं एक जागा दाखवली. बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर पंचनं ठोकलेली टिंबं होती, तीन एका ओळीत आणि एक वर. वाइंडिंग करणारे लोक आपापली खूण ठोकतात म्हणे, उद्या गिऱ्हाईक गॅरंटी मागायला आलं तर माल आपल्या हातचा आहे का दुसऱ्याच्या ते कळावं म्हणून. "ही सांगलीची खूण हाय. तिथं स्टँडच्या मागल्या गल्लीत एक अण्णा हायत, अजून असतील तर. त्यांच्याकडंच जावा. ह्याचा माल त्यांनाच ठावं."

तुमची गाडी आणि सांगली ह्यांचा काय संबंध, ते मला कळेना. आपलं सांगलीत कुणी नाही. मामांनी बसवला असेल म्हणून त्यांना फोन केला, तर ते म्हणाले, मी बॉनेट उघडून फक्त पाणी घातलं. मग मी सांगलीला गेलो. वाटेत पेठ नाक्याला उतरून काहीतरी खाऊ आणि इकडंतिकडं बघू असं एकदा मनात आलं, मी बॅगही उचलली, पण मांडीवरचं पोतं जड होतं, म्हणून बसून राहिलो. जड वस्तू बरोबर असली की माणूस सरळ जातो की काय, कुणास ठाऊक. मी तरी गेलो.

अण्णा होते. पंच्याहत्तरीचे असतील, जाड भिंगांचा चष्मा, दुकानात व्हार्निशचा वास आणि भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं. मला बघून म्हणाले, "बस रं तम्मा." जतकडचे असावेत, बोलण्यात कानडी होतं. डायनामो हातात घेतला, चष्म्यातून बघितलाच नाही, अंगठा फिरवला आणि टिंबं लागल्यावर थांबले.

"माजंच काम हाय. गाडी कुणाची?"

मी म्हणालो, उंब्रजची. पांढरी.

"फौजी!" ते म्हणाले. "लय ताठ मानूस. कोण तुझा?"

"वडील."

"हायत का?"

"नाहीत. अकरा वर्षं झाली."

त्यांनी मान हलवली, पान्हा घेतला आणि नट सोडवायला लागले. दोन नट निघाल्यावर म्हणाले, "मग आता सांगाया हरकत न्हाई."

आणि त्यांनी सांगितलं. तुम्ही बॅटरीच्या तारा उलट्या लावल्या होत्या. तुम्ही, आबा. वीस वर्षं फौजेत गाड्या उघडणारे, कानानं इंजिन ओळखणारे. बॅटरी धुवून परत लावताना अधिकच्या जागी उणं लावलं आणि मूळचा आल्टरनेटर एका क्षणात आतून जळून गेला. दुसऱ्याची बॅटरी मागून गाडी तशीच सांगलीपर्यंत आणली, कारण साताऱ्यात, कराडात तुम्हाला ओळखणारं कुणीतरी भेटलं असतं. अण्णा म्हणाले, "हितं त्या श्टुलावर बसला हुता. दिवसभर. दोन्ही हात काळं. म्हणत हुता, शिकाऊ पोरगंबी अशी चूक करत न्हाई अण्णा. मी म्हणलं, आवं मी सोता दोनदा केलीया. तर माझ्याकडं असा बघाया लागला, जनू मी शिवीच दिली." मूळचा नग मिळायला आठवडा लागणार होता. तुम्हाला त्याच दिवशी परतायचं होतं, कारण घरी तुम्ही पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेला होता. म्हणून टेम्पोचा डायनामो, म्हणून कान घासणं, शेजारच्या लेथवर बुश. बुशचं माप तुम्ही स्वतः काढलं. "हात चांगला हुता त्याचा," अण्णा म्हणाले. "जाताना म्हणला, अण्णा, कुणाला बोलू नका. मी म्हणलं, उंब्रजला मला कोण वळखतंय?"

त्यांनी माझ्यासमोर भडंगाची पुडी फोडली. तुम्हाला पण दिलं होतं म्हणे, आणि तुम्ही घरी न्यायला आणखी एक घेतली होती. मी खाल्लं नाही. मी विचारलं, परत आले होते का ते?

"आलं की. वरीसभरानं. कार्बनला. म्हणलं, पोराला साताऱ्याला धाडलंवतं, त्यानं चुकीचं आणलं. मी म्हणलं, आवं, पोराला सांगा की डायनामो दुसऱ्या गाडीचा हाय म्हणून. पोराची काय चूक त्यात?"

"मग? ते काय म्हणाले?"

"म्हणला, सांगतो."

ह्या एका शब्दावर मी अजून अडकून आहे. सांगतो. तुम्ही त्याच संध्याकाळी घरी आलात, गाडी चालू केली, हात धुतले, माझ्या समोर बसून भाकरी खाल्ली. तुम्ही मधल्या दोन वर्षांत किती जेवणं माझ्यासमोर जेवलात? सहा महिने तरी मी घरातच होतो. नंतरही दोनदा येऊन गेलो. दुसऱ्यांदा तुम्ही मला एसटीवर सोडायला आला होता, त्याच गाडीतून, आणि गाडी चालू करताना तुम्ही म्हणालात, "चार्जिंग बेस्ट हाय आता." त्या वेळी सुद्धा? एवढं म्हणालात आणि गप्प बसलात. चार लोकांत सांगा असं मी म्हटलंच नसतं. गाडीत आपण दोघंच होतो.

अण्णांनी मग हातातला पान्हा बाजूला ठेवून मला विचारलं, "पर नमुना न्हवता का दिला त्यानं तुला? मी बजावलंवतं त्याला. हितनं फुडं गाडीचं नाव सांगून कार्बन मागायचं न्हाई, जुना तुकडा दाखवूनच आणायचं."

मी म्हणालो, "न्हाई."

ते चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मग चूक त्याची," आणि परत कामाला लागले. त्यांनी एका जुन्या डब्यातून करंगळीच्या नखाएवढे रुंद कार्बन काढले, शेपटीच्या तारेला डाग दिला, कटआऊट बदलला, बाकावर बेल्ट लावून डायनामो फिरवला. त्याला जोडलेला दिवा लागला. पांढरा, स्थिर. संपलेले तुकडे त्यांनी कागदात बांधून माझ्या हातात दिले, "जपून ठेव. फुडल्या वेळेला मी असंन नसंन." मी त्यांच्या पाया पडलो. कधी कुणाच्या पडत नाही.

एसटीत मी सगळं ठरवून ठेवलं. उंब्रजला उतरल्या उतरल्या आधी त्या ट्रॅक्टरवाल्याच्या घरी जायचं. तो अजून आहे, जाडा झालाय, सोसायटीत बसतो. त्याला सांगायचं, तुमच्या हवालदारानं बॅटरी उलटी लावली होती. मग चुलतभावाला. मग आईला. प्रत्येकाला कसं सांगायचं, कुठं थांबायचं, ते मी कराड येईपर्यंत घोकलं. प्रत्यक्षात ट्रॅक्टरवाल्याच्या दारावरून पुढं आलो. तो बाहेरच बसला होता. म्हणाला, "काय रं, कवा आलास?" मी म्हणालो, "दिवाळीलाच." झालं, एवढंच.

आई ज्वारी निवडत होती. तिला मात्र सगळं सांगितलं. सांगली, बॅटरीच्या तारा, टेम्पोचा डायनामो, कार्बन बरोबर होते. मला वाटलं ती हातातलं सूप खाली ठेवेल. तिनं ठेवलं नाही.

"सांगलीला गेलं हुतं, ते मला तवाच कळलं," ती म्हणाली. "पेन्शन साताऱ्याला आन पिशवीत भडंग सांगलीचं. मी काय येडी व्हय? मला वाटलं, असंल कोन तरी सांगलीत. दोन महिनं झोप न्हवती मला."

"आन विचारलं न्हाईस?"

"इचारून काय? खरं बोललं असतं तर रडावं लागलं असतं, आन खोटं बोललं असतं तरी." मग एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "डायनामो व्हय. बरं झालं बाई." आणि हसायला लागली. तुम्ही गेल्यानंतर इतकी हसताना मी तिला बघितलं नव्हतं. ज्वारी सांडेपर्यंत हसली. माझ्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही. मी म्हणालो, आई, माझी चूक नव्हती. ती डोळे पुसत म्हणाली, "व्हय रं बाबा, न्हवती. कोन म्हणतंय हुती? त्येंचाच हट. पर तूबी काय, न बोलता गेलास ते गेलासच." झालं. तेरा वर्षांचा निकाल ज्वारी निवडता निवडता लागला.

काल तिला रहिमतपूरला नेऊन आणलं. लाल दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि इंजिन चालू झालं की जातो, जसा जायला पाहिजे तसा. मावशीनं मला ओळखलं नाही, तुम्हीच आलात असं समजून तिनं पदर डोक्यावर ओढला. मी काही दुरुस्त केलं नाही. परत येताना आई झोपली होती आणि मी तुमच्याशी भांडत होतो, मोठ्यानं नाही, तोंडातल्या तोंडात. तुम्ही एक चूक केलीत आणि ती झाकायला माझी एक चूक तयार केलीत. तुमच्या ताठ मानेसाठी मी वाकलो. तुम्ही मला कुठं धाडलं नाहीत म्हणून मी सगळीकडं गेलो आणि कुठलाच झालो नाही. अशी वाक्यं मला छान सुचतात गाडी चालवताना. म्हणून आज दुपारी वही घेऊन बसलो.

वही भरत आली आणि अजून एक लिहायचं राहिलंय. वर तो दारातला प्रसंग लिहिला ना, त्यात मी तुमचं पहिलं वाक्य लिहिलं नाही. दातकोरण्यांच्या आधी, कार्बन लटलटा हलल्यावर, कुणी हसायच्याही आधी, तुम्ही मला हळूच विचारलं होतं, "नमुना कुटाय?" आणि मी म्हणालो होतो, "दुकानदारानं ठेवून घेतला."

नमुना तुम्ही दिला होता, आबा. कागदात गुंडाळून, वर दोरा बांधून, सकाळी एसटीत चढताना माझ्या वरच्या खिशात तुम्ही स्वतः घातला होता आणि वरून थोपटलं होतं. साताऱ्यात उतरल्यावर दुकान उघडायला वेळ होता, समोर किल्ला दिसत होता, म्हणून मी वर चढलो. दुपारपर्यंत तिथंच होतो. दोरा सोडला, तो तुकडा दगडावर ओढून बघितला तर काळी रेघ उठली. मग मी माझं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि शेवटचं अक्षर पुरं व्हायच्या आत तुकडा हातात मोडला आणि खाली झुडपात गेला. शोधला नाही. दुकानात जाऊन गाडीचं नाव सांगितलं.

अण्णांना मी खोटं बोललो. "मग चूक त्याची" हे ऐकायला तेरा वर्षं वाट बघितली होती, ते समोर आल्यावर सोडवलं नाही. तुम्ही सांगायला पाहिजे होतं, हे माझं अजून म्हणणं आहे, ते काही मी मागं घेत नाही. पण आई मघापासून विचारतेय, एवढं काय लिहितोयस, वाचून दाखव की. मधली पानं दाखवली असती. हे शेवटचं पान असल्यामुळं म्हणालो, काय न्हाई, गाडीच्या सामानाची यादी हाय.